भीतीच्या काळात ख्रिस्ती आशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयाच्या बाकावरून, नोकरी गेलेल्या घरांतून, युद्धाच्या बातम्या पाहून झोप उडालेल्यांकडून आणि नुकतेच कुणाला तरी माती देऊन आलेल्या कुटुंबांकडून आम्हांला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणारे कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत आणि ख्रिस्ती नसलेलेही आहेत. उत्तर जेथे पंथानुसार बदलते तेथे तसे नमूद केले आहे. एखाद्या प्रश्नाचा धागा दुसऱ्या उत्तरात सापडणार असेल, तर त्या उत्तराचा क्रमांक दिला आहे. कंसातील नावे आणि आकडे बायबलमधील पुस्तक, अध्याय आणि वचन दाखवतात.

१. ख्रिस्ती लोक ज्याला आशा म्हणतात ती नेमकी काय असते? “सगळे ठीक होईल” असे मनाला समजावणे म्हणजेच आशा का?

नाही. सगळे ठीक होईलच असे आश्वासन येशूने शिष्यांना दिले नाही. उलट जगात तुम्हांला क्लेश होतील असे त्याने त्यांना अटक झाली त्याच रात्री स्पष्ट सांगितले (योहान १६:३३). ख्रिस्ती आशा दोन गोष्टींवर उभी आहे. वधस्तंभावर मारल्या गेलेल्या येशूला देवाने मेलेल्यांतून उठवले, ही पहिली. मरण असो वा जीवन, वर्तमान असो वा भविष्य, कोणतीच गोष्ट आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकत नाही, हे प्रेषित पौलाचे म्हणणे (रोम ८:३८-३९), ही दुसरी. पुनरुत्थित येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि तेच त्याने थोमा या शिष्याला दाखवले, हे विसरू नये. जे सोसले ते पुसून टाकणारी ही आशा नाही.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात एकापाठोपाठ गेली. भूक म्हणजे काय हे त्या तरुणपणीच जाणून होत्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन परतल्या. पुण्यात त्याच सुमारास प्लेग होता, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. मग दौंडजवळच्या केडगावातील माळरानावर तात्पुरत्या निवाऱ्यात त्यांची सोय झाली आणि त्यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळ आणि प्लेग यांपैकी काहीही त्यांच्या प्रार्थनेने टळले नव्हते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली, तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत, म्हणजे एप्रिल १९२२ पर्यंत, सोडले नाही. आशा म्हणजे काय हे सांगायचे झाल्यास व्याख्येपेक्षा आम्ही हेच सांगतो.

२. मला भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का? भीती हे पाप आहे का?

गेथशेमाने बागेत येशू स्वतः अत्यंत कष्टी व अस्वस्थ झाला, “माझ्या जीवाला मरणप्राय दुःख होत आहे” असे शिष्यांना म्हणाला आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर असे त्याने पित्याकडे मागितले (मार्क १४:३३-३६). जे प्रभूला वाटले ते आपल्याला वाटले म्हणून पाप ठरत नाही. भीती ही शरीराची आणि मनाची प्रतिक्रिया आहे. पाप असलेच तर ते भीतीपोटी आपण जे करतो त्यात असते. खोटे बोलणे, शेजाऱ्याला टाळणे, कुणाचा तरी द्वेष करणे, हे भीतीपोटी घडू शकते आणि त्याबद्दल क्षमा मागावी. भीती वाटली म्हणून क्षमा मागण्याची गरज नाही.

“पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते” हे वचन (१ योहान ४:१८) अनेकांना टोचते. ते वचन ज्या परिच्छेदात आहे तेथे विषय न्यायाच्या दिवसाचा आणि शिक्षेच्या भीतीचा आहे. रात्री दोन वाजता अहवालाच्या काळजीने जागे असलेल्या माणसाला दोषी ठरवण्यासाठी ते लिहिलेले नाही.

३. बायबलमध्ये “भिऊ नको” हे ३६५ वेळा आले आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, असे ऐकतो. हे खरे आहे का?

हा आकडा व्यासपीठांवरून आणि व्हॉट्सॲपवरून इतका फिरला आहे की तो खोटा आहे असे सांगितले की लोक नाराज होतात. पण मोजायला बसले की तो भरत नाही. आमच्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे आहे की हे शब्द जेथे येतात तेथे बहुतेक वेळा कारणही दिलेले असते, आणि ते कारण “तसे काही होणार नाही” असे क्वचितच असते. “कारण मी तुझ्याबरोबर आहे” (यशया ४१:१०) हे कारण सर्वांत नेहमीचे आहे.

जाता जाता एक गोष्ट. “हे वचन अकरा जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद चुकेल” अशा स्वरूपाचे संदेश पुढे पाठवू नयेत. भीती कमी करण्याच्या नावाखाली भीतीचाच व्यापार करण्याचा तो प्रकार आहे.

४. बायबल कधी वाचलेले नाही, किंवा वाचायची सवय सुटली आहे. भीती वाटते तेव्हा कोठून सुरुवात करावी?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधील येशूच्या चरित्राच्या) चौथ्या अध्यायाच्या शेवटापासून करावी. वादळ उठले आहे, लाटा तारवात येत आहेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे. ही उशी फक्त मार्कने टिपली आहे. शिष्य त्याला उठवून जे म्हणतात ती प्रार्थना कमी आणि तक्रार जास्त आहे: आपण बुडतो आहोत, तुम्हांला काळजी नाही का? मार्कच्या सांगण्यात येशू आधी वारा आणि समुद्र शांत करतो आणि मगच “तुम्ही एवढे का भ्यालात?” असे विचारतो. घाबरलेल्या माणसाला आधी समजावत बसू नये, आधी वादळाकडे पाहावे, असा हा क्रम आहे. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पाऊस पडत असताना, जगासाठी प्रार्थना केली तेव्हा हाच उतारा वाचण्यात आला होता.

त्यानंतर स्तोत्रे, म्हणजे बायबलमधील प्रार्थनागीते, घ्यावीत. तेविसावे स्तोत्र बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत तोंडपाठ असते: “मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.” मग शेहेचाळिसावे वाचावे आणि ज्या दिवशी काहीच सुचत नसेल त्या दिवशी तेरावे, जे “किती वेळ?” या प्रश्नानेच सुरू होते. एका दिवशी एकच स्तोत्र पुरे, पण ते मोठ्याने वाचावे. भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे मराठी बायबल आजच्या वाचकाला सोपे जाते. मात्र लहानपणी पाठ केलेली वचने जुन्याच भाषेत मनात उमटतात आणि ती तशीच राहू द्यावीत.

५. प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत, किंवा फक्त देवावर राग येतो. काय करावे?

रागच प्रार्थनेत सांगावा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडून पाहा: आरंभापासून शेवटपर्यंत तक्रार आहे, शेवटचा शब्द अंधाराबद्दलचा आहे आणि इतर विलापस्तोत्रांत शेवटी येते तसे स्तुतीचे वळण त्यात येतच नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले. वधस्तंभावर येशूने उच्चारलेले “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे शब्दसुद्धा बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहेत, म्हणजे सर्वांत कठीण क्षणी त्याने नवी प्रार्थना रचली नाही, पाठ असलेलीच म्हटली.

आपणही तेच करावे. प्रभूची प्रार्थना हळू म्हणावी. कॅथलिक घरांत रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हटली जाणारी प्रार्थना, आहे, आणि थकलेल्या मनाला तिची पुनरुक्ती हाच आधार असतो. प्रोटेस्टंट मंडळीत ना. वा. टिळकांची भजने आहेत, ती म्हणता आली नाहीत तर नुसती वाचावीत. तेही जमले नाही तर गप्प बसावे. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे पौलाने लिहिले आहे (रोम ८:२६). आपण बोलू शकत नसलो तर मंडळीने आपल्या वतीने बोलावे, यासाठीच रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची व दुःखितांची नावे घेतली जातात. नाव द्यायला संकोच करू नये; कारण सांगायची इच्छा नसेल तर नुसते नाव पुरते.

६. डॉक्टरांकडे, विशेषतः मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो आणि गोळ्या घेतल्या, तर देवावरचा विश्वास उणा ठरतो का?

ठरत नाही. हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला असताना प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने ब्रेस्लाउच्या पाळकांना (धर्मगुरूंना) एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की मी देवाकडे रक्षणाची प्रार्थना करीन, मग घरात धुरी देईन, हवा खेळती ठेवीन, औषध देईन आणि घेईन, आणि जेथे माझी गरज नाही तेथे जाणे टाळीन. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मी मागे हटणार नाही. औषध नाकारणाऱ्याला तो विश्वासाचा शूर म्हणत नाही, देवाची परीक्षा पाहणारा म्हणतो.

मनाच्या आजाराबद्दल बायबलमधील एलीयाची हकिकत (१ राजे १९) सावकाश वाचण्यासारखी आहे. एवढा मोठा संदेष्टा जीव वाचवण्यासाठी रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि “आता पुरे झाले, माझा प्राण घे” असे देवाला म्हणतो. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला लावतो. बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर होते. छातीत धडधड, सतत अस्वस्थता, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना दाखवावे, त्यांनी दिलेल्या गोळ्या त्यांना न विचारता बंद करू नयेत आणि प्रार्थनाही चालू ठेवावी. “गोळ्या सोडून दे आणि विश्वास ठेव” असे सांगणारा पाळक असो वा नातेवाईक, त्याचे ऐकू नये, हे आम्ही कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. (प्रश्न १३ ही पाहावा.)

७. जगणेच नको वाटते. असे मनात येणे हे अक्षम्य पाप आहे, असे मला सांगितले गेले.

असे वाटत असेल तर हे पान बाजूला ठेवून आधी कुणाला तरी सांगा. घरातल्या एका व्यक्तीजवळ बसा, किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारची विनामूल्य सेवा आहे, ती चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. धोका तातडीचा असेल तर ११२ लावा, किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

मनात येणारा विचार पाप नाही. एलीयाच्या मनात तो आला, बायबलमधील ईयोब आणि संदेष्टा यिर्मया यांनी आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि देवाने त्यांच्यापैकी कुणालाही टाकले नाही. ज्या कुटुंबाने अशा रीतीने कुणाला गमावले आहे त्यांच्यासाठी: कॅथलिक धर्मशिक्षणानुसार तीव्र मानसिक व्यथा किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. प्रोटेस्टंट पाळकांपैकीही बहुतेक जण आज हेच सांगतील. कुणी वेगळे सांगून जखमेवर मीठ चोळले असेल, तर ते बोलणे ख्रिस्ती मंडळीचे अखेरचे मत आहे असे समजू नये.

८. एक्याण्णवावे स्तोत्र रोज म्हटले तर रोगराई घरात येत नाही, असे म्हणतात. आमच्याकडे तर आली.

कोरोनाच्या काळात हे स्तोत्र दारांवर चिकटवले गेले होते आणि त्यामागची श्रद्धा आम्ही कमी लेखत नाही. परंतु बायबलमध्ये हे स्तोत्र हमीपत्रासारखे वापरण्याचा प्रयत्न एकदा झाला आहे, आणि तो सैतानाने केला आहे. मंदिराच्या शिखरावर उभ्या असलेल्या येशूला “उडी टाक, देवदूत तुला झेलतील” असे सांगताना त्याने याच स्तोत्रातील ओळी म्हटल्या, आणि येशूने तो वापर नाकारला (मत्तय ४:५-७). स्तोत्र खरे आहे, ते देवावर विसंबून राहणाऱ्याचे गाणे आहे; दाराला बांधायचा ताईत म्हणून ते लिहिलेले नाही. आजार आला म्हणजे म्हणण्यात काही चुकले, असा हिशेब मांडू नये.

९. आम्ही उपास केले, रात्रभर प्रार्थना केली, तरी माणूस गेला. देवाने आमचे ऐकले का नाही?

याचे पूर्ण उत्तर कुणाकडे नाही, आणि ते आहे असे भासवणाऱ्यापासून सावध राहावे. जे सांगता येते ते इतकेच. पौलाने आपल्या शरीरातील “काटा” काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:८-९). ज्या पौलाच्या हातून आजारी बरे झाले, त्यालाच आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी सोडून पुढे जावे लागले (२ तीमथ्य ४:२०). पत्राच्या शेवटी एका ओळीत हे येते आणि त्याचे कोणतेही स्पष्टीकरण दिलेले नाही. आणि स्वतः येशूची गेथशेमानेतील मागणीही जशीच्या तशी मान्य झाली नाही.

विश्वास कमी पडला म्हणून माणूस गेला, हे म्हणणे आम्ही क्रूर मानतो आणि चुकीचेही मानतो. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या बहिणी येशूला म्हणाल्या, “आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.” येशूने त्यांना दोष दिला नाही. त्याला पुढे काय करायचे आहे हे ठाऊक असूनही तो कबरेपाशी रडला (योहान ११). शोक करण्यास घाई करू नये आणि तो लवकर आवरण्याचीही घाई करू नये. चाळीस दिवस झाले, वर्ष झाले, तरी रडू येते, असे अनेक जण अपराधी स्वरात लिहितात. त्यात अपराध काही नाही.

१०. हे संकट माझ्या किंवा माझ्या पूर्वजांच्या पापाची शिक्षा आहे का?

जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी हेच विचारले होते, आणि येशूने “ह्याने किंवा ह्याच्या आईबापांनी पाप केले म्हणून नव्हे” असे उत्तर दिले (योहान ९:१-३). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हाही ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे तो म्हणाला (लूक १३:४). आपल्या चुकीचे परिणाम भोगावे लागतात हे खरे, दारूने यकृत जाते. पण प्रत्येक आजारामागे पाप शोधणे ही येशूची शिकवण नाही. “कुळाचा शाप” तोडण्यासाठी विशेष प्रार्थना, विशेष तेल किंवा विशेष देणगी मागितली गेल्यास प्रश्न १३ वाचावा.

११. कोरोनात वडिलांचा अंत्यविधी नीट झाला नाही. दफन न होता दहन करावे लागले, आम्हांला चेहराही पाहता आला नाही. त्यांच्या पुनरुत्थानाचे काय?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण वर्षानुवर्षे तो कुणाजवळ बोललेले नसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुनरुत्थान हे शरीराच्या अवशेषांवर अवलंबून नाही. इसवी सन १७७ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. आता यांचे पुनरुत्थान कसे होते ते पाहू, असा मारणाऱ्यांचा हेतू होता. त्या मंडळीने ती हकिकत इतर मंडळ्यांना पत्राने कळवली, आणि त्या हुतात्म्यांच्या आशेविषयी कुणाच्या मनात शंका राहिली नाही. समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, रणांगणावर हरवलेले असे कितीतरी विश्वासी आहेत ज्यांची कबर नाही.

कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनास परवानगी दिली आहे. दफन अधिक पसंतीचे मानले जाते, आणि २०१६ च्या सूचनेनुसार राख घरी न ठेवता वा न विखुरता दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी असे सांगितले आहे. त्या दिवसांत घाईगर्दीत राखेचे काय झाले हे ठाऊक नसेल, किंवा ती विसर्जित झाली असेल, तर त्याचा दोष आपल्यावर नाही. जे राहून गेले ते आजही करता येते: फादरांना सांगून मृतासाठी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) ठेवावी, प्रोटेस्टंट मंडळीत स्मरणार्थ उपासना ठेवावी, नातेवाइकांना बोलवावे, त्यांच्या आवडीचे गीत म्हणावे, कुटुंबाच्या कबरीवर त्यांचे नाव कोरून घ्यावे. पाच वर्षे उलटून गेल्यावर कसे विचारायचे, असा संकोच बाळगू नये.

१२. युद्धे, भूकंप, साथी पाहून हा शेवटचा काळ आहे असे वाटते. तयारी कशी करावी?

त्या दिवसाविषयी किंवा त्या घटकेविषयी पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असे खुद्द येशूने सांगितले (मार्क १३:३२). म्हणून तारीख सांगणारा व्हिडिओ, तो कितीही वचने दाखवत असला, तरी बंद करावा. सतत बातम्या पाहण्याने युद्ध थांबत नाही आणि आपली झोप मात्र जाते. दिवसातून एकदा, ठरावीक वेळी बातम्या पाहाव्यात, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे लिहावीत, जमेल ती मदत करावी. “ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे” (मत्तय ६:३४).

१३. एका सभेत हात ठेवून आजार बरा करतात म्हणे. घरचे तेथे न्यायला सांगतात. जावे का?

आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे, तेल लावणे हे ख्रिस्ती परंपरेत आहेच. मंडळीतील वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाने लिहिले आहे (५:१४). देव बरे करतो यावर आमचा विश्वास आहे. पण काही खुणा दिसल्या तर तेथून निघावे: औषध बंद करायला सांगणे, बरे होण्यासाठी रक्कम ठरवून मागणे, बरे न झाल्यास रुग्णाच्या विश्वासाला दोष देणे, आजाऱ्याला मारणे किंवा कोंडून ठेवणे. महाराष्ट्रात २०१३ पासून अघोरी प्रथा व जादूटोणा प्रतिबंधाचा कायदा आहे. अंगात शिरलेले भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे, किंवा साप, कुत्रा वा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि तो ख्रिस्ती प्रार्थनासभेलाही तितकाच लागू आहे. अशी कृत्ये आपल्याच लोकांनी केली तर ती झाकण्यात मंडळीचे हित नाही.

१४. मी ख्रिस्ती नाही, पण येशूकडे प्रार्थना केल्यावर धीर येतो. तसे केले तर चालते का? बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?

चालते. रोमी शताधिपती आणि कनानी स्त्री या दोघांनी येशूकडे मदत मागितली (मत्तय ८ आणि १५), आणि मदत देण्याआधी त्याने त्यांना धर्म बदलण्यास सांगितले नाही. वांद्र्याच्या मोत माउलीला किंवा माहीमच्या चर्चमधील बुधवारच्या नोव्हेनाला (विशेष प्रार्थनेला) जाणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात, हे मुंबईकरांना सांगायला नको. उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसावे, कुणी नाव विचारणार नाही, आणि विचारले तरी सांगितलेच पाहिजे असे नाही. प्रभुभोजन किंवा कम्युनियन मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असते.

बाप्तिस्म्याबद्दल आमचा सल्ला असा की भीतीच्या भरात तो निर्णय घेऊ नये. संकट ओसरू द्यावे, शिकवण समजून घ्यावी, घरच्यांशी बोलावे, मग ठरवावे. बाप्तिस्मा घेतला तर आजार जाईल किंवा कर्ज फिटेल असे कुणी सांगत असेल तर तो शुभवर्तमान सांगत नाही, सौदा करतो आहे.

१५. ख्रिस्ती असल्यामुळेच भीती वाटते. घरातील प्रार्थनेला कुणी येऊन दमदाटी करील अशी धास्ती आहे. सहन करणे एवढाच मार्ग आहे का?

नाही. छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्यावा हे खरे, पण हक्क सोडून द्यावा असे कोठेही सांगितलेले नाही. फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाला दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडण्याचे ठरले, तेव्हा तो जाईना. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले (प्रेषितांची कृत्ये १६:३७). भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. दमदाटी झाल्यास ११२ वर कळवावे, तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, मंडळीच्या पदाधिकाऱ्यांना आणि वकिलाला कळवावे. शेजाऱ्यांशी आधीपासून जाणेयेणे ठेवावे; अशा वेळी दारात उभा राहणारा पहिला माणूस बहुधा शेजारीच असतो, आणि तो बहुधा ख्रिस्ती नसतो.

१६. लहान मुलांना काय सांगावे?

खरे सांगावे, त्यांना पेलेल एवढेच सांगावे. “आजोबा बरे होणारच” असे वचन देऊ नये, कारण ते मोडले तर मूल आपल्यावर आणि देवावर एकदमच रुसते. “डॉक्टर प्रयत्न करत आहेत, आपण प्रार्थना करतो आहोत आणि काहीही झाले तरी आम्ही तुझ्याजवळ आहोत” हे पुरते. रात्रीच्या प्रार्थनेत मुलाला स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे, आणि ते देवाला काय म्हणते ते दुरुस्त करू नये.

१७. आजाऱ्याला किंवा घाबरलेल्या कुटुंबाला भेटायला जायचे आहे. काय बोलावे, आणि पाळकांना कधी बोलवावे?

ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. बिघडले ते बोलायला लागल्यावर. “देवाची इच्छा”, “देव चांगल्या माणसांना लवकर नेतो”, “माझ्या चुलत्यालाही असेच झाले होते” ही वाक्ये टाळावीत. खुर्ची ओढून बसावे, हात धरावा, रुग्ण थकला असेल तर पाच मिनिटांत उठावे. रुग्ण बेशुद्ध असला तरी कानाशी तेविसावे स्तोत्र हळू म्हणावे. ऐकू येत असण्याची शक्यता असते. रात्री थांबणाऱ्यासाठी डबा, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर न्यावा, आणि जमल्यास त्याला सांगावे की तीन तास घरी जाऊन झोपून ये, तोवर मी बसतो. एलीयाला भाकर देणारा दूत हेच काम करत होता.

पाळकांना किंवा फादरांना लवकर कळवावे. तैलाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा विधी) हा मरणाच्या उंबरठ्यावरच द्यायचा संस्कार आहे, असा समज कॅथलिक घरांत अजून पक्का आहे आणि त्यामुळे फादर आले की रुग्ण घाबरतो. वास्तविक तो गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावा आणि आजार बळावल्यास पुन्हा घेता येतो. निरोप देताना रुग्णाचे नाव, रुग्णालय, मजला, वॉर्ड, खाटेचा क्रमांक आणि भेटीची वेळ सांगावी. अतिदक्षता विभागात असल्यास परिचारिकेशी आधी बोलून ठेवावे. या भेटीसाठी कोणतेही शुल्क नसते.